सुरतेची तिजोरी आणि जंजिऱ्याचा हबशी

तापी नदीच्या काठी, सुरतेच्या किल्ल्याच्या शेजारी, बंदराचे जकातघर होते. त्यास फुर्जा म्हणत. मोखा आणि जिद्दा येथून सोने-चांदी घेऊन येणारी जहाजे, इराणचे घोडे आणि गुलाबपाणी, अरबस्तानचा कॉफीचा दाणा, आणि बाहेर जाणारे गुजरातचे कापड व नीळ, ह्या सर्वांची मोजदाद येथे होई. १६६५ साली औरंगजेबाने मुसलमान व्यापाऱ्यांवर शेकडा अडीच आणि हिंदू व्यापाऱ्यांवर शेकडा पाच असा जकातीचा दर ठरविला होता. फुर्ज्यात जमलेला पैसा बादशाही खजिन्याचा. परंतु १६७१ च्या सुमारापासून त्यातील एक वाटा उत्तरेकडे न जाता दक्षिणेकडे, शंभर कोसांवरील एका खडकाळ बेटाकडे वळू लागला. ते बेट म्हणजे मुरूडचा जंजिरा, आणि तो पैसा घेणारा धनी आफ्रिकेच्या हबसाण देशातून आलेल्या वंशाचा होता.

आज आपण ज्यास परकीय मदत म्हणतो, तिचा हा आपल्या किनाऱ्यावरील जुना दाखला होय. दुबळा बलवानास देतो ती खंडणी. बलवान दुबळ्यास देतो तो तनखा. पैशाची दिशा दोहोंत उलट असली तरी हिशेबाची वही दोन्ही वेळा बलवानाच्याच हाती असते, असा सर्वसाधारण समज आहे. जंजिऱ्याचे प्रकरण मात्र इतके सरळ नाही. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी जिबूती नावाचा एक चिमुकला आफ्रिकी देश आहे. त्याच्या बंदराजवळच्या लष्करी तळासाठी अमेरिका २०१४ च्या करारान्वये वर्षास सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर भाडे देऊ लागली, आणि २०१७ साली त्याच देशात चीननेही आपला तळ उघडला. सुरतेची यात्रेकरू जहाजे मक्केस जाताना ह्याच सामुद्रधुनीतून जात. बंदर लहान, पण जागा मोक्याची, आणि मोठ्या सत्तेस तिची गरज. एवढे जुळून आले की लहानाच्या शब्दासही किंमत येते. सिद्दीने हे साडेतीनशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

सिद्दी हे मूळचे कोण? हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपिया व आसपासच्या मुलखातून, गुलाम म्हणून, शिपाई म्हणून, खलाशी म्हणून आफ्रिकेचे लोक शतकानुशतके पश्चिम किनाऱ्यावर येत होते. दक्षिणेतील सुलतानांच्या दरबारी त्यांतील कित्येक मोठ्या पदास चढले. अहमदनगरची निजामशाही आपल्या खांद्यावर तोलून धरणारा मलिक अंबर हा हबशीच. राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरील बेटावर आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, तो निजामशाहीच्या सरदाराने हस्तगत केला आणि पुढे तेथे दगडी किल्ला उभा राहिला. अरबी भाषेत बेटास जझिरा म्हणतात. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचा जंजिरा झाला. १६३६ साली निजामशाही बुडाल्यावर कोकणचा हा भाग विजापूरकडे गेला. आदिलशहाने नागोठण्यापासून बाणकोटपर्यंतचा किनारा सिद्दीच्या स्वाधीन केला, तो एका अटीवर: विजापूरच्या व्यापारास समुद्रावर संरक्षण द्यावे आणि यात्रेकरूंस सुखरूप पोहोचवावे. म्हणजे मुलूख आणि पैसा घ्यावा, मोबदल्यात समुद्राची राखण करावी, हा व्यवहार मोगलांच्या आधीपासून सिद्दीच्या अंगवळणी पडलेला होता.

ह्या राज्याची एक रीत विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. बापामागून मुलगा गादीवर बसलाच पाहिजे असे तेथे प्रारंभी नव्हते. मुख्य सरदार वारला की आरमारातील त्याच्या खालोखालचा कर्ता पुरुष त्याच्या जागी येई. त्यामुळे नादान वारसाच्या हाती कारभार जाऊन राज्य खचण्याचा प्रसंग पुष्कळ काळ टळला. दिल्ली, विजापूर, गोवळकोंडा येथील राजवाड्यांत भाऊबंदकीने जे अनर्थ घडले, ते पाहता ह्या खडकावरील हबशांची व्यवस्था अधिक शहाणपणाची होती असेच म्हणावे लागेल. पुढे जेव्हा घराण्याचा वारसा हाच हक्क ठरला, तेव्हा त्यांचीही गत इतरांसारखीच झाली. ते पुढे येईल.

आता मोगलांची गरज काय होती? मोगल हे भूमीवरचे राजे. काबूलपासून बंगालपर्यंत त्यांची घोडदौड चाले, पण समुद्राच्या काठाशी ती थांबे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून असा दंडक घातला होता की, त्यांचा कार्ताझ म्हणजे परवाना असल्याखेरीज कोणाही व्यापाऱ्याने जहाज हाकारू नये, आणि मोगल बादशहाच्या घरच्या जहाजांनाही तो परवाना घ्यावा लागे. १६१३ साली पोर्तुगीजांनी खुद्द जहांगीर बादशहाच्या मातेचे 'रहिमी' हे जहाज सुरतेजवळ धरून नेले. पृथ्वीपती म्हणविणाऱ्या बादशहास आपल्या आईचे जहाज सोडविता आले नाही! सुरत हे तर मक्केचे द्वार. दरवर्षी यात्रेकरूंची जहाजे येथून निघत. त्यांचे रक्षण हा बादशहाच्या दृष्टीने व्यापाराचाच नव्हे तर धर्माचा आणि अब्रूचा प्रश्न होता. आरमार स्वतः उभे करणे त्यास साधले नाही. तेव्हा ज्याच्यापाशी तयार आरमार आहे त्यास पैसा देणे हाच मार्ग उरला.

तो मार्ग धरण्यास निमित्त शिवाजीमहाराजांनी दिले. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि शहर चार दिवस मराठ्यांच्या हाती राहिले. वीरजी व्होरा ह्या त्या काळच्या सर्वांत श्रीमंत म्हणून गाजलेल्या व्यापाऱ्याची पेढी लुटली गेली. कापुचिन मठातील फादर अँब्रोज ह्यांच्या घरास मात्र महाराजांनी हात लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये नमूद करतो. त्याच वर्षाच्या अखेरीस मालवणास सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. सुरतेचा पैसा ह्या जलदुर्गास लागला असे परंपरा सांगते, आणि काळाचा मेळ पाहता ते असंभाव्य नाही. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांनी सुरत पुन्हा लुटली. त्या वेळी ६६ लाखांचा ऐवज गेल्याचे सरकारी चौकशीत आढळले. ह्या दोन लुटींमुळे सुरतेच्या व्यापाऱ्यांचा धीर सुटला. मराठ्यांची गलबते आणि गुराबा किनाऱ्यावर फिरू लागल्या. एकीकडे लुटीच्या रूपाने सुरतेचा पैसा मराठी आरमारास मिळत होता. आता दुसरीकडे तनख्याच्या रूपाने तोच पैसा मराठ्यांच्या शत्रूस मिळणार होता. किनाऱ्यावरील दोन्ही पक्षांची शिडे सुरतेच्या पैशावर फुगावीत, हा इतिहासाचा विलक्षण योग म्हटला पाहिजे.

जंजिऱ्यात त्या वेळी सिद्दी फत्तेखान मुख्य होता. महाराजांनी त्याचा खुष्कीवरचा मुलूख बहुतेक काबीज करून किल्ल्यास जेरीस आणले होते. विजापूरहून कुमक येईना. अखेर फत्तेखान जहागिरीच्या मोबदल्यात किल्ला देण्यास राजी झाला. ही बातमी लागताच सिद्दी संबूल, सिद्दी कासीम आणि सिद्दी खैर्यत ह्या तिघा सरदारांनी त्यास कैद केले आणि मोगलांकडे मदतीची याचना केली. औरंगजेबाने ती तत्काळ मान्य केली. जंजिऱ्याचे स्वामित्व विजापूरकडून दिल्लीकडे गेले. सिद्दीच्या मुख्यास 'याकूतखान' हा किताब मिळाला. आणि आरमाराच्या खर्चासाठी सुरतेच्या उत्पन्नावर सालिना तनखा बांधून देण्यात आला. काळानुसार तनख्याचा आकडा कमीअधिक होत गेला; तथापि सामान्यतः तो तीन लाख रुपये धरला जातो. मोगल दरबाराच्या दृष्टीने ही रक्कम फार मोठी नव्हती. महाराजांनी एकदा सुरत लुटली की ह्याच्या वीसपट नुकसान होई. म्हणजे बादशहा जो देत होता तो व्यापाऱ्यांच्या जिवाचा विमा होता, असे आजच्या पेढीवरचा कोणीही कारकून सांगेल.

सिद्दीच्या बाजूने पाहिले तर त्याने काय दिले? त्याचा किल्ला त्याच्याच हाती राहिला. मोगल फौज जंजिऱ्यात कधी आली नाही, मोगल अंमलदाराने तेथे वसूल केला नाही. त्याने दिले ते आपले वैर. मराठ्यांशी त्याचे वैर आधीच होते, ते आता बादशाही कामगिरी ठरले आणि त्या वैरास पगार मिळू लागला. ह्या बळावर सिद्दी कासीमाने १६७१ च्या होळीच्या रात्री, मराठे सणाच्या आनंदात असता, दंडाराजपुरीवर छापा घालून ती परत घेतली. सुरतेत जहाजे सज्ज होत, तेथून ती खाली येत, आणि सिद्दीची माणसे कोकणच्या किनाऱ्यावर उतरत. गावे जळत. माणसे धरून नेली जात, त्यांत बायका-मुलेही असत, आणि ती विकली जात. ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून विकले गेले होते, त्यांनीच आगरी-कोळ्यांच्या मुलांचा बाजार मांडावा ह्यापरते दुर्दैव कोणते? सुरतेच्या सावकारास आपल्या मालाची सुरक्षितता मिळाली ती कोकणच्या कुणब्याच्या घरादाराच्या मोलाने मिळाली. मदतीचा हिशेब मांडताना ही बाब कोणत्याही फुर्ज्याच्या वहीत लिहिली गेली नाही. बखरकार सभासदाने सिद्दीस घरात शिरलेल्या उंदराची उपमा दिली आहे. ती उपमा ज्या लोकांच्या कणग्या फुटल्या त्यांच्या अनुभवातून आलेली आहे.

महाराजांनी जंजिऱ्यावर पुनःपुन्हा मोहिमा केल्या. समोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. मोरोपंत पेशव्यांनी वेढा दिला, लाय पाटील कोळ्याने तटास शिड्या लावण्याचे धाडस केले. पण किल्ला पडला नाही. दर वेळी सुरतेहून निघालेले आरमार येऊन पोहोचे आणि वेढा उठे. त्या किल्ल्याच्या तटबंदीची कीर्ती मोठी आहे आणि ती यथार्थही आहे. परंतु एकट्या तटांनी जंजिरा राखला असे म्हणणे अपुरे होईल. दाणागोटा, दारूगोळा आणि खलाशांचा पगार ह्यांची सोय बाहेरून होत होती, हे त्या अजिंक्यतेचे खरे मर्म होय.

ह्या तनख्याची झळ आणखी एका शेजाऱ्यास लागली, तो म्हणजे मुंबईचा इंग्रज. पावसाळ्यात सिद्दी आपली जहाजे माझगावच्या बंदरात आणून ठेवी. इंग्रजांस तो पाहुणा नको असे, कारण त्याचे लोक मुंबईच्या आश्रयाने समोरच्या किनाऱ्यावर लूटमार करीत आणि महाराजांचा राग इंग्रजांवर निघे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर तहासाठी गेला होता; मराठ्यांशी व्यापार करण्याची इंग्रजांस गरज होतीच. पण सिद्दीस नाही म्हणावे तर सुरतेचा सुभेदार तेथील इंग्रजांची वखार बंद करील! त्या दिवसांत मुंबईच्या गव्हर्नराचे धोरण म्हणजे दोन्ही पाहुण्यांस एकाच वेळी जेवावयास न बोलावण्याचे धोरण होते. १६७८ साली महाराजांचा आरमारी सुभेदार दौलतखान माझगावात सिद्दीची जहाजे जाळून टाकण्याच्या इराद्याने पनवेलपर्यंत आला, पण खाडी ओलांडण्याचे साधन न मिळाल्याने त्यास परतावे लागले.

बादशहाचा पैसा घेतल्यावर बादशहाचा हुकूमही घरात येतो, हे सिद्दीसही लवकरच कळले. सिद्दी संबूलावर औरंगजेबाची मर्जी खप्पा झाली आणि आरमार सिद्दी कासीमाच्या हवाली करावे असा हुकूम सुटला. संबूल ऐकेना. १६७७ साली मुंबईतच दोघांच्या माणसांची जुंपली, आणि ज्या इंग्रजांस दोघेही नकोसे होते त्यांनाच मध्यस्थी करावी लागली. कर्त्या पुरुषाने कर्त्याच्या जागी यावे ही जंजिऱ्याची जुनी रीत. तीत आता दिल्लीचा हात शिरला. ह्या बेबनावाचा एक परिणाम असा की, सिद्दी मिस्रीसारखा त्या कुळीचा सरदार पुढे मराठ्यांच्या आरमारात लढताना दिसतो. सगळे हबशी एका बाजूस आणि सगळे मराठे दुसऱ्या बाजूस, असे चित्र काढणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

१६७९ साली महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. इंग्रज आणि सिद्दी दोघेही चवताळले. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली, पण सिद्दी कासीमाने लगतची उंदेरी बळकावून तेथे तोफा चढविल्या. संभाजीमहाराजांनी १६८२ च्या सुमारास जंजिऱ्याचा निकाल लावण्याचा निश्चयच केला आणि किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात दगडांचा सेतू घालण्यास आरंभ केला. ते काम चालू असता कल्याणच्या बाजूस मोगल सरदार हसनअलीखान उतरला आणि महाराजांस तिकडे वळावे लागले. तनख्याच्या नात्यात बलवान पक्ष केवळ पैसा देतो असे नाही. दुसऱ्या बाजूने दबाव आणून लहान दोस्तास वाचवितोही, ते असे.

परंतु ह्या नात्याचे सर्वांत ठळक रूप १६८९ साली दिसले. सर जॉन चाइल्ड ह्या कंपनीच्या अधिकाऱ्याने मोगलांची जहाजे धरण्याचा उद्दामपणा केला. औरंगजेबाने इंग्रजांस धडा शिकविण्याचे ठरविले. त्यासाठी त्याने दिल्लीहून फौज हलविली नाही; सिद्दी याकूतखानास आज्ञा केली. सिद्दी मुंबईत उतरला, माझगाव, माहीम घेत त्याने इंग्रजांस त्यांच्या किल्ल्यात कोंडले आणि वर्षभर कोंडून ठेवले. पुढे ज्या कंपनीने हिंदुस्थान घेतला तिचे मुंबईतील लोक त्या साली एका हबशी सरदाराच्या दयेवर होते. शेवटी कंपनीच्या वकिलांनी बादशहापुढे क्षमा मागितली, दीड लाख रुपये दंड भरला आणि पुन्हा असे न करण्याचे कबूल केले, तेव्हा जून १६९० मध्ये सिद्दीने मुंबई सोडली. त्याच धामधुमीच्या काळात रायगड मोगलांच्या हाती पडला आणि त्याची राखण पुढे सिद्दीकडे आली. शिवछत्रपतींची राजधानी चाळीसहून अधिक वर्षे जंजिऱ्याच्या ताब्यात राहिली, ही गोष्ट मराठी मनास आजही बोचते.

एवढे सर्व खरे. पण ज्या मूळ कामासाठी तनखा बांधून दिला होता ते काम झाले काय? १६९५ साली हेन्री एव्हरी ह्या इंग्रज चाच्याने मक्केहून परतणारे 'गंज-इ-सवाई' हे बादशाही जहाज सुरतेच्या वाटेवर लुटले आणि यात्रेकरूंचे हाल केले. सिद्दीचे आरमार त्यास आडवे आले नाही. सिद्दीची जहाजे किनाऱ्याजवळच्या लढाईस योग्य होती. भर समुद्रात युरोपीय चाच्यांच्या तोफांपुढे उभे राहण्याची त्यांची ताकद नव्हती. पुढे बादशहास यात्रेकरूंच्या संरक्षणाची हमी इंग्रज, डच आणि फ्रेंच ह्यांच्याकडूनच घ्यावी लागली. म्हणजे पाव शतक पैसा देऊन मोगलांनी मराठ्यांच्या उशाशी एक काटा रोवून घेतला, परंतु समुद्र काही मिळविला नाही. त्याच पैशात सुरतेच्या गोद्यांत स्वतःचे आरमार बांधले असते, खलाशी शिकविले असते, तर पुढचा इतिहास निराळा झाला असता की नाही हा तर्काचा विषय आहे. भाड्याने घेतलेली तलवार धन्याचा हात बळकट करीत नाही, एवढे मात्र ह्या पंचवीस वर्षांत दिसून आले.

औरंगजेब १७०७ साली वारला आणि तनख्याचा झरा आटू लागला. सुरतेचा सुभेदार दिल्लीस जुमानीना, मग दिल्लीने बांधून दिलेला तनखा तो कशास देईल? १७३३ साली जंजिऱ्याच्या मुख्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांत वारसाहक्काचा कलह पेटला. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी ही संधी साधून स्वारी केली. रायगड त्याच वर्षी जून महिन्यात मराठ्यांकडे परत आला. १७३६ च्या एप्रिलमध्ये चिमाजीअप्पांनी रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात ह्यास ठार केले, आणि तहान्वये सिद्दीच्या अकरा महालांपैकी साडेपाच महाल मराठ्यांस मिळाले. मुलूख निम्मा झाला, आणि सुरतेचा सुभेदार तेगबख्तखान तर तनखा थकवून बसला होता. तेव्हा सिद्दीने काय करावे? ज्या सुरतेच्या जहाजांचे रक्षण करण्यासाठी त्यास पैसा मिळत होता, तीच जहाजे त्याने थकबाकीसाठी अडविली. राखणदाराने पगारापोटी मालकाचीच गुरे कोंडवाड्यात घालावी तसा हा प्रकार. सुरतेच्या व्यापाऱ्यांनी ह्यापूर्वी मराठ्यांस चौथ मोजली होती, सुभेदारास नजराणे मोजले होते; आता आपल्या रक्षकासही मोजावे लागले.

पुढची पायरी साहजिकच होती. तनखा येत नसेल तर तिजोरीशेजारीच जाऊन बसावे. सिद्दी मसूद नावाचा सरदार आरमारासह सुरतेस होताच. अठराव्या शतकाच्या मध्यास शहरात नबाबीसाठी जे तंटे माजले त्यांत त्याने सुरतेचा किल्लाच ताब्यात घेतला. खुदावंतखानाने १५४६ च्या सुमारास पोर्तुगीजांच्या धास्तीने बांधलेला तो किल्ला. आता नबाब शहरात, सिद्दी किल्ल्यात, आणि चौथ वसूल करणारा मराठ्यांचा चौथिया तिसरीकडे, असे सुरतेच्या उत्पन्नाचे वाटेकरी झाले. १७५६ साली मसूद वारला व त्याचा मुलगा किल्लेदार झाला. इंग्रज हे सर्व पाहत होते. त्यांनी व्यापाऱ्यांची गाऱ्हाणी पुढे केली, मुंबईहून जहाजे आणि तोफा धाडल्या, आणि ४ मार्च १७५९ रोजी सिद्दीकडून किल्ला घेतला. मग बादशहाकडून सनद आणविली: सुरतेची किल्लेदारी आणि मोगलांचे आरमार कंपनीकडे, आणि त्यासाठी सुरतेच्या उत्पन्नावर दोन लाखांचा तनखा कंपनीस. किल्ल्याच्या एका बुरुजावर बादशहाचे आणि दुसऱ्यावर इंग्रजांचे निशाण फडकू लागले. सत्तर वर्षांपूर्वी ज्या सिद्दीने कंपनीस मुंबईत कोंडले होते, त्याची जागा, त्याचे काम आणि त्याचा पगार कंपनीने असा आपल्या नावे करून घेतला. मोगलांस कदाचित वाटले असेल की एक नोकर जाऊन दुसरा आला. १८०० साली त्या नोकराने नबाबास बाजूस सारून सुरतेचा सगळाच कारभार हाती घेतला.

जंजिऱ्याचा मूळ खडक मात्र अजून उभा होता. १७६० च्या आरंभी मराठ्यांनी उंदेरी जिंकली आणि जंजिऱ्यास वेढले, तेव्हा किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि मराठ्यांस माघार घ्यावी लागली. निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि आता इंग्रज: आश्रयदाता चौथा, किल्ला तोच. आश्रय देणारी राज्ये एकामागून एक बुडाली, आश्रित तरला. ह्या चिवटपणास चातुर्य म्हणावे की दैव, ह्यावर मतभेद होतील. पण योग्य वेळी धनी बदलण्याची कला सिद्दीस साधली होती, हे नाकारता येणार नाही. सौराष्ट्रातील जाफराबादचे बंदरही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्याच राज्याला जोडले गेले, ते सुरतेच्या एका सिद्दी सरदाराच्या मार्फत.

अखेरचा अंक पुन्हा सुरतेजवळच घडला. १७८४ नंतर जंजिऱ्यात पुन्हा वारसाहक्काचा तंटा उठला. सिद्दी अब्दुल करीमखान ऊर्फ बाळूमियाँ ह्या वारसास सिद्दी जौहराने बाहेर काढले, आणि तो पुण्यास पेशव्यांच्या आश्रयास आला. नाना फडणिसांच्या कारभाराचा तो काळ. शंभर-सव्वाशे वर्षे जे तोफांनी साधले नाही ते कागदाने साधावे असा विचार झाला. जून १७९१ च्या कराराने बाळूमियाँने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांस लिहून दिला, आणि पेशव्यांनी त्याच्या बदल्यात सुरतेच्या दक्षिणेस वर्षास ७५,००० रुपये उत्पन्नाची गावे त्यास तोडून दिली. हेच सचीन संस्थान. त्याची गावे सलग नव्हती, इतरांच्या मुलखात विखुरलेली होती. पण त्यावर नबाब म्हणून राज्य करणारे घराणे हबशी होते, आणि १९४८ साली मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत ते टिकले. आता सचीन हे सुरतेच्या दक्षिणेस कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते.

ज्या सुरतेच्या जकातीतून जंजिऱ्यास पैसा जात असे, त्याच सुरतेच्या शेतसाऱ्यातून आता जंजिऱ्याच्या वारसास राज्य मिळाले; आणि ह्या वेळी देणारे मराठे होते. बाळूमियाँ सचीनला जाऊन सुखाने राहिला. पेशव्यांच्या दप्तरात जंजिऱ्याच्या हक्काचा कागद आला. तो घेऊन किल्ल्याचा ताबा मागितला तेव्हा आतल्या सिद्द्यांनी दरवाजा उघडला नाही.